मवाळ हॉट रॉड : आधी कागद, मग कटर

गॅरेजच्या धंद्यात हल्ली एक निराळे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. त्याच्या घरी वडिलांची किंवा आजोबांची प्रीमियर पद्मिनी, नाही तर अँबेसेडर, वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली उभी असते. ती त्याला भंगारात घालायची नाही, आणि प्रदर्शनातल्या वस्तूसारखी नुसती पुसून ठेवायचीही नाही. त्याला ती चालवायची आहे, आणि आजच्या रहदारीत चालवायची आहे. तो म्हणतो, ‘‘उस्ताद, हिला हॉट रॉड करा, पण फार नको, थोडीशीच.’’ हे ‘थोडीशीच’ म्हणजे नेमके किती, ते पहिल्या दिवशी कागदावर उतरत नाही. मग गाडी अर्धवट खोललेल्या अवस्थेत शेडच्या कोपऱ्यात पडते. जागा अडते, पैसा अडतो, आणि गिऱ्हाईक व कारागीर यांची बोलचाल बंद होते ती वेगळीच.

हॉट रॉड हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. कॅलिफोर्नियातील सुकलेल्या तळ्यांच्या सपाट मैदानांवर तिथली मेकॅनिक पोरे जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड काढून, वजन कमी करून, इंजिनात फेरफार करून शर्यती लावत. १९३२ साली फोर्डने स्वस्त गाडीत आठ सिलिंडरचे इंजिन दिले आणि या पोरांना हवे ते सापडले. १९४८ च्या जानेवारीत तर या विषयाला वाहिलेले मासिकच निघाले. तिथे कायदा, रस्ता आणि सुट्या भागांचा बाजार तिन्ही निराळे. तिथला नमुना जसाच्या तसा इथे उतरवायला जाणे म्हणजे स्वतःच्या हाताने खड्डा खणणे. म्हणून इथे ‘मवाळ’ हा शब्द महत्त्वाचा. गाडीचा घाट तोच, इंजिन तेच किंवा त्याच घराण्यातले, मात्र ब्रेक, थंडावा, वीज आणि बैठक आजच्या रस्त्याला पुरेल अशी. आणि वर थोडासा रुबाब. आमच्या मते आपल्या कारागिरांनी याच मापात काम घ्यावे.

पहिला सवाल आरटीओचा

गाडीला पाना लावण्यापूर्वी तिचे आरसी बुक मागून घ्यावे. नोंदणी चालू आहे का, आणि ती कोणाच्या नावावर आहे, हे दोन प्रश्न. पुष्कळदा गाडी मयत आजोबांच्याच नावावर असते. वारसाच्या नावावर करण्यासाठी नमुना ३१ चा अर्ज असतो. तो गिऱ्हाइकाने आधी करावा. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या हलक्या मोटारींचे नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये झाले आहे. पर्यावरण कर निराळा. हा खर्च गिऱ्हाइकाला आरंभीच सांगितला, तर हौस किती खरी आहे तेही कळून येते.

आता मुख्य मुद्दा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मालकाला गाडीत असा बदल करता येत नाही, की ज्यामुळे आरसीवरील तपशील कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही. बदल म्हणजे काय, तेही कलमाच्या स्पष्टीकरणात आहे : गाडीच्या रचनेतला असा फेर, की तिचे मूळ स्वरूपच पालटते. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर निकाल देऊन ही मर्यादा पक्की केली. पुढे कायद्यात कलम १८२अ आले. परवानगी नसलेले भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. कागदावर जबाबदारी मालकाची असली, तरी गाडी अडकली की तो पहिला फोन कोणाला करतो, हे गॅरेजवाल्यांना सांगायला नको.

याचा अर्थ छत कापून गाडी बुटकी करणे, चार दारांची दोन दारे करणे, चॅसिस लांब-आखूड करणे, ही कामे घेऊच नयेत. कितीही पैसे मिळोत. रंग बदलायचा असेल तर रंगही आरसीवर लिहिलेला असतो. त्याची नोंद करून घ्यावी. इंजिन निकामी झाले असेल तर त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन परवानगीने बसवून नवा क्रमांक आरसीवर चढवून घेणे हा सरळ मार्ग. जुन्या इंजिनाची खरेदी पावती जपून ठेवावी. पावतीशिवाय घेतलेले इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर सगळी मेहनत पोलीस ठाण्याच्या आवारात गंजते.

दुसरी एक वाट आहे, आणि तिथेच बहुतेक लोक गोंधळतात. १५ जुलै २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, बिगर-धंद्याची गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. पद्मिनी हे नाव १९७४ साली आले. म्हणजे पहिल्या पद्मिनी आता या वयात येऊ लागल्या आहेत. परंतु अट अशी, की गाडी मूळ रूपात राखलेली हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार झालेला नसावा. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर काढायची. धंद्याला तर मुळीच नाही. पौड रस्त्यावरच्या कार्यालयांत लग्नाच्या वरातीला सजवलेली जुनी गाडी भाड्याने द्यावी, अशी कल्पना अनेकांच्या डोक्यात असते. व्हीए क्रमांकावर ते बसत नाही, आणि साध्या खाजगी नोंदणीवरही गाडी भाड्याने देता येत नाही.

तेव्हा गिऱ्हाइकाला सरळ विचारावे : गाडी पन्नाशीची आहे का? असेल तर तुला व्हिंटेजचा मान हवा, की रोज चालवण्याचे सुख? दोन्ही एकदम मिळत नाहीत. आज बसवलेले दुसरे इंजिन उद्याचा व्हीए क्रमांक घालवते. म्हणून मवाळ कामात आम्ही एकच कसोटी मानतो : जे बसवले ते नटबोल्ट खोलून काढता आले पाहिजे, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून पेटीत मालकाच्या ताब्यात दिला पाहिजे.

गाडी कोणती, आणि तिच्यात काय दडले आहे

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. तिथे आधी डॉज-प्लिमथ जोडल्या गेल्या, मग फियाट आली. पन्नाशीच्या दशकातली ती फुगीर ‘डुक्कर फियाट’ जुन्या लोकांना आठवत असेल. १९६४ साली ११०० डिलाईट आली, आणि तीच पुढे पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचे, ताकद सुमारे चाळीस अश्वशक्ती, गियर स्टिअरिंगवर, पहिल्या गियरला सिंक्रोमेश नाही, चारही चाकांना ड्रम ब्रेक. गाडीला निराळी चॅसिस नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चॅसिस. अँबेसेडरचेही तसेच. म्हणजे खालचा पत्रा गंजला असेल तर गाडीची हाडेच गंजली आहेत असे समजावे.

पुढच्या काळात प्रीमियरने ११८ एनई काढली. तिच्यात निसानचे ११७१ सीसीचे, बावन्न अश्वशक्तीचे इंजिन होते. हे इंजिन पद्मिनीत बसवण्याची हौस जुनी आहे आणि गाडी त्याने खरोखर चपळ होते. अँबेसेडरच्या बाबतीत १४८९ सीसीच्या जुन्या इंजिनाच्या जागी त्याच कंपनीचे इसुझू १८०० आणि पाच गियरची पेटी, हा जोड तितकाच प्रसिद्ध. कारागिरीच्या दृष्टीने दोन्ही कामे होण्यासारखी आहेत. पण सीसी बदलली, इंजिनाचा प्रकार बदलला, की कलम ५२ समोर उभे राहते. आरटीओची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय अशा कामाला हात लावू नये. तोंडी होकार उपयोगाचा नाही.

एखाद्याकडे चाळीसच्या दशकातली शेवरोले असली तर गोष्ट निराळी. जनरल मोटर्स १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत गाड्या जोडत असे, त्यामुळे त्या आपल्याकडे अजून दिसतात. त्या काळच्या साडेतीन लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनात कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग बॅबिट ओतून केलेले, आणि त्यांना तेल पंपाच्या दाबाने नव्हे तर चमच्यांनी उडवून मिळते. असे इंजिन ताणू नये. ओतकाम जाणणारा उस्ताद सापडला तर ते जसेच्या तसे उभे करावे. त्यातच त्याची शान आहे.

सुट्या भागांचे म्हणाल तर पद्मिनी बंद होऊन पाव शतक लोटले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे हा बाजार बरीच वर्षे तगून होता. ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही टॅक्सी रस्त्यावर नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि पुण्याच्या जुन्या बाजारात अजून माल मिळतो, पण पाहिजे तो भाग पाहिजे त्या दिवशी मिळेल या भरवशावर तारीख देऊ नये. आधी भाग गोळा करावेत, मग गाडी खोलावी. याच्या उलट क्रमाने केलेले काम हमखास रखडते.

कामाचा क्रम

पत्रा पहिला. चुंबक फिरवून पाहावे. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टीचा थर आहे. दारांखालच्या पट्ट्या, पायाखालचा पत्रा, जॅक लावायच्या जागा आणि मागच्या पाट्यांचे कमान जिथे अडकतात ते कोपरे, इथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहावा. नवा पत्रा बसवताना दारे बंद ठेवून, खालून टेकू देऊन, थोडा थोडा टाका मारावा. एकाच जागी सीओटू वेल्डिंग ओढत नेले की सांगाडा वाकतो आणि मग दार बसत नाही. कोरलेला चॅसिस क्रमांक घासू नये, त्यावर जाड रंग मारू नये. आरटीओत गाडी तिथेच अडते. जुना रंग पाणी लावूनच घासावा, कारण त्यात शिसे असू शकते. आणि ब्रेकच्या ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असते आणि ते शागीर्द पोरांच्या छातीत जाऊन बसते. ओल्या फडक्याने पुसायला काही खर्च येत नाही.

त्यानंतर ब्रेक. ताकद वाढवण्याच्या आधी गाडी थांबली पाहिजे, याबाबत तडजोड नको. ड्रम नीट घासून, नवे लायनर, नवे व्हील सिलिंडर, नव्या नळ्या घातल्या तर पद्मिनीचे मूळ ब्रेकही बरे काम देतात. पुढे डिस्क बसवायचीच असेल तर कॅलिपरची पकड लेथवर, मापाने, जाड पोलादातून करून घ्यावी. पत्र्याची जोडलेली पट्टी चालत नाही. इथे एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. ड्रमसाठी बनवलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये एक झडप असते, ती नळीत थोडा दाब धरून ठेवते. तोच मास्टर सिलिंडर डिस्कला जोडला तर पॅड चाकाला घासत राहतात, चाक तापते, आणि गिऱ्हाईक ‘गाडी ओढत नाही’ म्हणून परत येते. म्हणून मास्टर सिलिंडर डिस्कला साजेसा आणि पुढच्या-मागच्या चाकांचे दोन वेगळे मार्ग असलेला घ्यावा. एक नळी फुटली तरी दुसरी थांबवते. मागच्या ड्रमपुरती दाब धरणारी झडप त्या नळीत लावता येते.

स्प्रिंग कापून गाडी बसकी करण्याची हौस सगळ्यांना असते. एखाद्या इंचावर थांबावे. गॅसने स्प्रिंग तापवून दाबणे हा तर गुन्हाच समजावा. तापलेली स्प्रिंग पाणी सोडते आणि कधीतरी खड्ड्यात मोडते. चाके १४ इंची मूळ मापाचीच ठेवून चांगले रेडियल टायर घातले तर जुन्या वर्म स्टिअरिंगवर ताण येत नाही. रुंद टायरवर हात दुखतात, हे गाडी विकत घेताना कोणी सांगत नाही.

विजेचा हिशेब साखळीसारखा असतो. रेडिएटरला विजेचा पंखा हवा, तर जुना डायनॅमो पुरत नाही. आधी अल्टरनेटर पाहिजे. अल्टरनेटर आला की पन्नास वर्षांची कडक झालेली वायर तो भार सोसत नाही. वायरिंग नवे हवे, हेडलाइटला रिले हवा, प्रत्येक फाट्याला फ्यूज हवा. म्हणजे गिऱ्हाइकाने फक्त पंखा मागितला, तरी भाव चार कामांचा सांगावा लागतो. तो आधीच सांगावा.

इंजिन शेवटी. मवाळ कामात इंजिन उत्तम जुळवणे एवढेच करायचे : बोअर, रिंग-पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह बसवणे, वजनाने जुळलेले पिस्टन. कॉम्प्रेशन वाढवण्यासाठी हेड फेस करताना आधी त्याची जाडी मोजावी. पद्मिनीचे हेड अॅल्युमिनियमचे, ते यापूर्वी किती वेळा घासले गेले आहे ते गाडी सांगत नाही, माप सांगते. अँबेसेडरचे हेड बिडाचे. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, त्यामुळे बिडाच्या हेडमध्ये एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हखाली कडक सीट बसवून घ्यावी, नाही तर व्हॉल्व्ह आत आत खचत जातो. आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे. जुनी रबरी नळी आणि पंपाचा पडदा त्याने फुगतो, टाकीतला जुना गाळ सुटून कार्बोरेटरमध्ये येतो, टाकीत पाणी धरते. टाकी आतून साफ करणे, इथेनॉल सोसणारी नळी घालणे आणि जेट किंचित मोठा करणे ही कामे यादीत हवीतच. सायलेन्सर काढून आवाज करण्याची फर्माईश झाली तर नम्रपणे नकार द्यावा.

भूगावची जागा आणि मजुरीचा करार

शहरातल्या पेठेत एक गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणे आता परवडत नाही. चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले की बावधनपुढे भूगाव येते, पुढे भुकूम, आणि घाट ओलांडला की पिरंगुट. पिरंगुटला कारखाने असल्याने लेथ-मिलिंगचे काम जवळ होते. कुशनवाला, क्रोमवाला, रेडिएटरवाला शहरात अर्ध्या-पाऊण तासावर, अर्थात रहदारीने मेहेरबानी केली तर. अशा कामाला भूगावसारखी जागा सोयीची. मात्र छप्पर पक्के हवे. मुळशीचा पाऊस उघड्या पत्र्याला एका रात्रीत तांबडा करतो. म्हणून पत्र्याचे काम दिवाळीनंतर काढावे आणि प्रायमर मेपूर्वी मारून घ्यावा.

विजेवर चालणारी जुनी गाडी करावी, असाही आग्रह होतो. कलम ५२ मध्ये इंधन बदलण्याच्या किटला वाट आहे, पण किट मंजूर झालेले असावे लागते. कोथरूडच्या टेकडीवर १९६६ पासून असलेली एआरएआय ही संस्था अशा किटच्या चाचण्या करते. घरी जुळवलेली बॅटरी आणि मोटर हे मवाळ काम नव्हे.

मजुरीचा ठराव एकरकमी करू नये. पत्रा खोलल्याशिवाय किती गंज आहे ते कोणालाच दिसत नाही. काम चार टप्प्यांत वाटावे : पत्रा, ब्रेक-सस्पेन्शन, वायरिंग, इंजिन व रंग. प्रत्येक टप्प्याचे पैसे तो टप्पा सुरू होण्याआधी, सामान गिऱ्हाइकाच्या नावाच्या पावतीवर, आणि मधेच काम थांबले तर जागेचे भाडे किती, हे एका कागदावर दोघांच्या सहीने. नवी फर्माईश आली तर नवा कागद. उस्ताद लोकांना हे संकोचाचे वाटते. गिऱ्हाईक ओळखीचे असते, जबानीवर काम चालत आले आहे. पण ओळखीच्या माणसाशीच भांडण जास्त लागते. कोणता बदल मालकाच्या सांगण्यावरून केला आणि कोणता नाकारला, तेही त्याच कागदावर लिहावे. रोज संध्याकाळी मोबाईलवर चार फोटो काढून ठेवले तर पुट्टीखाली नवा पत्रा आहे की नाही, हा वाद दोन वर्षांनी निघत नाही.

गाडी हाती देण्यापूर्वीची चाचणी या रस्त्यावर चांगली होते. पहिल्या दिवशी भूगाव ते चांदणी चौक, संध्याकाळच्या गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये रखडत. पाण्याचा काटा इथे वर गेला तर रेडिएटर पुन्हा उघडावा. दुसऱ्या दिवशी पिरंगुटचा घाट दोनदा चढून उतरावा आणि लगेच चारही चाकांजवळ हात नेऊन कोणते जास्त तापले ते पाहावे. तिसऱ्या दिवशी पौडवरून मुळशी धरणापर्यंत जाऊन यावे. ताम्हिणीचा उतार पहिल्या पाचशे किलोमीटरपर्यंत टाळावा. पाचशे झाले की हेडचे नट पुन्हा आवळायचे, व्हॉल्व्हची फट तपासायची, तेल बदलायचे. या फेरीची मजुरी मूळ ठरावातच धरावी, म्हणजे गिऱ्हाईक ती चुकवत नाही.